जटायूचे भाऊबंद

ऐन दिवाळीत, तोंडात चकलीचा घास असताना, गिधाडाचा विषय काढू नये, एवढा पोच मला आहे. पण काय करावे! वसुबारसेला गाय-वासराची पूजा झाली की मला हटकून या पक्ष्याची आठवण होते. गाय आणि गिधाड यांची एक विलक्षण करुण कथा शास्त्रज्ञांनी अलीकडे उजेडात आणली आहे.

आपल्या भाषेने या पक्ष्याला कधी न्याय दिला नाही. म्हाताऱ्याच्या इस्टेटीवर नातेवाईक डोळा ठेवून बसले, की 'गिधाडे जमली' म्हणून आपण मोकळे होतो. जटायूला मात्र हात जोडतो! माझ्या लहानपणी गावाबाहेरच्या माळावर मेलेले ढोर टाकले की आकाशात ठिपके दिसू लागत आणि बघता बघता सारा माळ गिधाडांनी भरून जाई. मग उरत ती फक्त हाडे. आम्ही नाके मुरडत असू. आजी म्हणे, "हसू नका रे त्यांना. ती आहेत म्हणून गावात घाण नाही."

1990 नंतर ते ठिपके दिसेनासे झाले. भरतपूरच्या पाणथळीत विभू प्रकाश यांना माना टाकून बसलेली गिधाडे आणि रिकामी घरटी आढळली. कोणी साथीच्या रोगाला दोष दिला, कोणी कीटकनाशकांना. अखेर 2004 साली लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात मेलेली गिधाडे तपासून हे कोडे सोडवले. त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचे पांढरे थर साचले होते. कारण निघाले डायक्लोफेनॅक! सांधे दुखले की आपणही घेतो तेच औषध.

लंगडणाऱ्या बैलाला, अंग सुजलेल्या गाईला आराम पडावा म्हणून ते टोचले जाई. औषध स्वस्त आणि गुणकारी. तरीही जनावर दगावलेच, तर औषधाचा अंश मांसात राही. एका ढोरावर गिधाडांचा थवाच्या थवा बसे. त्यामुळे शंभरात एकाहूनही कमी मृत जनावरांत हे विष असले, तरी एवढ्या संहाराला ते पुरे, असे गणित शास्त्रज्ञांनी मांडले. 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारातून एक उरली.

या कथेत खलनायक कुणीच नाही, हेच मला बेचैन करते. शेतकऱ्याने मुक्या जनावरावर माया केली, डॉक्टरने वेदना थांबवली, आणि त्या मायेचे मोल तिसऱ्याच जिवाने मोजले. तिसऱ्याने एकट्यानेच असेही नाही. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी 2024 साली हिशेब प्रसिद्ध केला. माळावर कुजणारी ढोरे, दूषित पाणी, वाढलेली कुत्री यांपायी 2000 ते 2005 या काळात भारतात सुमारे 5 लाख माणसे अधिक दगावली, असा त्यांचा अंदाज आहे. आजीचे म्हणणे त्यांनी आकड्यांत मांडले, एवढेच!

2006 साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न बाधणारे औषधही सापडले. हरियाणातल्या पिंजोरला पिंजऱ्यात वाढवलेली गिधाडे 2024 साली आपल्या ताडोबा आणि पेंचच्या जंगलांत आणली गेली. पण गिधाडीण वर्षाला एकच अंडे घालते. पंधरा वर्षांत गेलेले भरून यायला पिढ्या लागतील.

शिवाय विष नावे बदलून येते. एसिक्लोफेनॅक जनावराच्या पोटात गेले की त्याचे डायक्लोफेनॅकच होते. त्यावर बंदी यायला 2023 उजाडले. माझा एक भाचा शेती करतो. गोठ्यात डॉक्टर आले की तो एका हाताने गाईची पाठ थोपटतो आणि अदबीने विचारतो, "डॉक्टरसाहेब, सुईत काय आहे?" प्रथम ते चिडत. आता बाटली त्याच्या हातात देतात, आणि तो नाव वाचून झाल्यावरच गाईचा कासरा आवळून धरतो.