आल्प्स? व्हाया तिवसा!

स्वित्झर्लंड आपल्याला दाखवलं ते यश चोप्रांनी. 'चांदनी'पासून 'दिलवाले दुल्हनिया...'पर्यंत बर्फ, हिरवीगार कुरणं, गळ्यात घंटा बांधलेल्या गाई आणि शिफॉनची साडी! तिथल्या इंटरलाकेन गावात तर २०१६ मध्ये चोप्रांचा चक्क पुतळा बसवला गेला. तेव्हा आमच्या चौकडीचंही स्वप्न ठरलेलंच होतं. भाड्याची कार घ्यायची आणि आठ दिवस आल्प्सची गावं नि तळी पालथी घालायची. मग कुणीतरी एक्सेल शीट उघडलं. विमान, व्हिसा, कार, इन्शुरन्स... बेरीज बघून शीट गपचूप बंद झालं.

"आपल्या इकडं काय डोंगर नाहीत का बे?" चौघांतला तिवसेकर म्हणाला.

आहेत की! आणि तिवसा आहे अमरावती-नागपूर हायवेवर, म्हणजे पुण्याहून येणारे दोघं आणि नागपूरचा एक, सगळ्यांना सोयीचं. जानेवारीतला एक लाँग वीकएण्ड पकडला. नियम एकच ठेवला : गाव दिसलं की थांबायचं. आल्प्समध्ये लोक नेमकं हेच करतात. डोंगर बघायला जातात, पण पैसे खर्च करतात ते गावात. चीज तिथलं, ब्रेड तिथला, मुक्कामही कुणाच्या तरी शेतघरात.

तळं नंबर एक

पहिला थांबा अगदी जवळचा, गुरुकुंज मोझरी. तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये इथं आश्रम सुरू केला. गाव कसं असावं यावर त्यांनी 'ग्रामगीता' नावाचा अख्खा ग्रंथ लिहिला. गावोगावी थांबायच्या ट्रिपला याहून चांगला श्रीगणेशा कुठला?

तिथून मोर्शीकडे. सिंभोऱ्याला वर्धा नदीवर अप्पर वर्धा धरण आहे, तेरा दरवाज्यांचं. जलाशयाला नाव दिलंय नळ-दमयंती सागर. हिवाळ्यातल्या सकाळी पाण्यावर धुकं असतं आणि पलीकडचा काठ दिसतच नाही. आमच्यातला एक तर पाच मिनिटं कॅमेरा काढायलाच विसरला! अमरावती शहर हेच पाणी पितं. या निळ्याशार पाण्याखाली गावं गेलेली आहेत, हे मात्र काठावर उभं राहून लक्षात येत नाही. कुणीतरी सांगावं लागतं.

मोर्शीच्या आजूबाजूला संत्र्याच्या बागाच बागा. मृग बहाराची फळं नुकती रंग धरत होती. बागेच्या कडेला गाडी थांबवली तर मालकानं विचारलं, "कुठचे बाप्पा तुमी?" पुण्याचे म्हटल्यावर त्यानं आम्हाला नीट न्याहाळलं. तिवश्याचे म्हटल्यावर खाट टाकली.

जत्रा नि हंडी

चांदूरबाजारहून बहिरमला आलात आणि दिवस हिवाळ्याचे असतील, तर डाएट विसरा. डिसेंबरच्या २० तारखेच्या आसपास इथं जत्रा भरते आणि जानेवारीभर चालते. मातीच्या हंडीत शिजलेलं मटण आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजलेले रोडगे ही इथली खासियत. शाकाहारी मित्राला वांग्याची भाजी मिळाली. त्याला रोडग्यावर तूप इतकं मिळालं की त्यानं तक्रार केली नाही.

पुढं परतवाडा. टाकी फुल्ल करायची ती इथंच. मग घाट सुरू होतो. सागाची झाडं, वळणं, कानात दडे. अर्ध्या वाटेत एसी बंद, काचा खाली.

गवळ्यांचा गड

चिखलदरा समुद्रसपाटीपासून १,११८ मीटरवर. भीमानं कीचकाला मारून इथल्या दरीत फेकलं, म्हणून 'कीचकदरा', त्याचं झालं चिखलदरा, अशी कथा. इथं कॉफी पिकते. शक्कर तलाव आहे, भीमकुंड आहे, देवी पॉइंट आहे. बहुतेक गाड्या एका दिवसात सगळे पॉइंट 'करून' संध्याकाळी खाली उतरतात.

आम्ही गाविलगडावर अर्धा दिवस काढला. बहमनी काळातला हा किल्ला, आत मोठाले तलाव. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रज इथं आले तेव्हा स्टीव्हन्सनच्या तुकडीनं डोंगरातून रस्ता काढत तोफा उत्तरेकडून वर चढवल्या. रोड ट्रिपच म्हणा, पण भलतीच महागडी! १५ डिसेंबरला किल्ला पडला आणि दोनच दिवसांत नागपूरकर भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला. इंग्रजांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली, वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तोच.

पण गडाचं नाव ना बहमनींचं, ना भोसल्यांचं. ते आलं गवळ्यांवरून. गवळी आजही इथं आहेत. चिखलदऱ्याजवळच्या मोथा गावात ते म्हशी पाळतात, खवा करतात. आता तिथं स्ट्रॉबेरीही लावतात. सकाळी साडेसातला, चुलीवरच्या कढईतून थेट द्रोणात पडलेला गरम खवा आणि वर दोन लालभडक स्ट्रॉबेऱ्या... इंटरलाकेनवाल्यांनो, ऐकताय ना?

स्विस चीजची गोष्ट तरी काय वेगळी आहे? उंचावरचं कुरण, गाई आणि खाली नेईपर्यंत टिकावं म्हणून दुधाचं केलेलं काहीतरी. फरक एवढाच की तिथलं सरकार डोंगरउतारावर शेती करणाऱ्याला त्यासाठी पैसे मोजतं आणि प्रवासी ते चीज गावातच विकत घेतो. मोथ्याचा खवा मात्र पहाटेच खालच्या बाजारात जातो आणि पॉइंट बघायला आलेली गाडी गावावरून तशीच पुढं निघून जाते.

"पंक्चर झालं काय?"

तिसऱ्या दिवशी सेमाडोहमार्गे हरिसालकडे. हा मेळघाट व्याघ्र प्रकल्प, १९७३ मध्ये देशात जे पहिले नऊ निवडले गेले त्यांतला एक. सिपना नदी रस्त्याच्या सोबतीनं वाहते. वाघ दिसला नाही. दिसली ती कोरकू गावं : सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना घरांची रांग, सारवलेल्या स्वच्छ भिंती.

एका गावात चहाच्या टपरीपाशी गाडी लावली. टपरीवाले काका घाईघाईनं बाहेर आले. "पंक्चर झालं काय, भाऊ?"

"नाही काका, चहा प्यायला थांबलो."

त्यांचा विश्वासच बसेना. ते चाकांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "इथं थांबते ते पंक्चरवालेच."

चहा दोनदा झाला. काका घरात बायकोशी कोरकूत बोलत होते. या भाषेचा मराठीशी वा गोंडीशी संबंध नाही. तिचं नातं पार झारखंडच्या संथाळी-मुंडारीशी. २०११ च्या जनगणनेत सात लाखांवर लोकांनी ती आपली मातृभाषा सांगितली. अमरावती जिल्ह्यात वाढलेल्या आम्हा दोघांना तिचा एक शब्द येत नव्हता. आम्ही विचारलं आणि काकांची नात वहीवर एकेक शब्द लिहून द्यायला लागली. पाणी, झाड, वाट, घर.

मेळघाट पेपरात येतो तो कुपोषणासाठी नाहीतर वाघासाठी. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. बैरागडला १९८० च्या दशकापासून दवाखाना चालवणाऱ्या डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. वाघांसाठी बोरी, कोहा, कुंड ही गावं जंगलाबाहेर उठून गेली. पण उरलेल्या गावांत रोज चहा उकळतो, खवा आटतो, पोरं शाळेत जातात. तिथं गाडी पंक्चर न होताही थांबता येतं. निघताना काकांनी शंभराची मोड नाही म्हणून चहाचे पैसेच घेतले नाहीत. तेव्हा सुटे पैसे सोबत ठेवा. ऑनलाइन पेमेंटला रेंज हवी आणि ती जंगलात मिळेलच असं नाही.

जायचंय?

रेल्वेनं बडनेरा किंवा अमरावती गाठा. तिथून परतवाडामार्गे चिखलदरा, सुमारे ८५ किलोमीटर. वेळ असेल तर आमच्यासारखे तिवसा, मोझरी, मोर्शी, बहिरम करत या. मुक्कामासाठी चिखलदऱ्याला एमटीडीसीचं रिसॉर्ट नि खासगी हॉटेलं आहेत. पाऊस आवडत असेल तर जुलै-ऑगस्ट, थंडी नि स्ट्रॉबेरी हवी तर जानेवारी. जंगलातून अंधारापूर्वी बाहेर पडा, हॉर्न वाजवू नका, प्लास्टिक परत आणा. आणि मोथ्याला खवा घ्यायचा तर सकाळी लवकर पोहोचा. आठनंतर कढई रिकामी असते!