घारापुरी, व्हाया सीएसएमटी

मागच्या रविवारी टाकलेला फोटो बघून तिघांनी विचारलं, "हे कुठलं बेट? अंदमान का?" एकाने तर लिहिलं, "पत्रकारांचे दिवस आले बुवा!" तर मंडळी, ते घारापुरी आहे. एलिफंटा. जिल्हा रायगड, तालुका उरण, म्हणजे आपल्या शेजारच्या तालुक्यातली एक ग्रामपंचायत. आणि दिवस कुणाचेच आलेले नाहीत, मी अजून हप्त्याच्या स्कूटरवरच आहे.

पण हे सगळं सुरू झालं खऱ्या परदेशी बेटावरून. शाळेतला आमचा एक मित्र न्यू जर्सीत असतो. डिसेंबरात तो बायकोमुलांना घेऊन आठवडाभर बार्बाडोसला गेला आणि रोज ग्रुपवर फोटो टाकत बसला. निळं पाणी, पांढरी वाळू वगैरे. मला वाटलं लाखभर रुपयांचं रिसॉर्ट असेल. फोन केला तर म्हणाला, "अरे नाही, साधी खोली घेतली आणि बसने फिरलो." सरकारी निळी बस, खाजगी पिवळी मिनीबस, कुठेही जा, भाडं एकच, साडेतीन बार्बाडियन डॉलर. किनारे कायद्यानेच सगळ्यांसाठी खुले, हॉटेलवाला तुम्हाला हाकलू शकत नाही. शुक्रवारी रात्री ऑइस्टिन्स नावाच्या कोळ्यांच्या गावात तळलेला मासा खायचा, पुन्हा बस, पुन्हा झोप. म्हणाला, "आठवडाभर काहीच केलं नाही रे, नुसते फिरलो."

ते "नुसते फिरलो" माझ्या डोक्यात बसलं. आख्खा बार्बाडोस सुमारे ४३० चौरस किलोमीटरचा, आपल्या मुंबईपेक्षा लहान. आणि आम्ही नुसते शेवटचे कधी फिरलो होतो? लग्नं, बारसं, दहावं आणि गणपतीत गाव, एवढाच आमचा प्रवास.

त्या बेटांचं आमच्या घराशी तसं जुनं नातं आहे. वडील क्रिकेटवेडे. १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यातल्या गावसकरच्या ७७४ धावा त्यांना डावागणिक पाठ होत्या. बोटाच्या दुखण्यामुळे पहिली कसोटी हुकली, मग पोर्ट ऑफ स्पेनला ६५ आणि नाबाद ६७, शेवटच्या कसोटीत १२४ आणि २२०. किंग्स्टनला सरदेसाईंचे २१२ सांगताना तर ते जेवण थांबवायचे. पासपोर्ट त्यांनी कधी काढला नाही. "त्रिनिदाद बघायचंय एकदा" हे मात्र निवृत्तीनंतरही म्हणायचे, आपण पालीला जाऊन येऊ म्हणतो तितक्या सहज. ते गेले त्याला आता सहा वर्षं झाली.

मग मुलगा म्हणाला, "बाबा, आपण निदान एका तरी बेटावर जाऊया." आणि आई, जी कधी कुठे जायचं म्हणत नाही, ती म्हणाली, "घारापुरीला चला ना."

आईचं माहेर न्हावा. लहानपणी दर महाशिवरात्रीला ती घारापुरीच्या जत्रेला जायची. आजोबांची शिडाची होडी, भाकरीचं गाठोडं, चार घरची पोरं. वारा बरा असला तर बसल्याबसल्या पोचायचं, असं ती सांगते. लग्न होऊन पनवेलला आली आणि मग पन्नास वर्षं गेलीच नाही.

अडचण होती ती बायकोची. तिने सरळ सांगितलं, "तुम्ही जा, मी आणि पोरं बोटीत बसणार नाही." कारण मला माहीत होतं. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. इंजिनाची चाचणी चालू होती, ताबा सुटला. पंधरा जीव गेले. वाचवलेल्यांतल्या बऱ्याच जणांना जेएनपीटीच्या रुग्णालयात आणलं होतं आणि त्या रात्री मी बाहेर उभा होतो. ओल्या कपड्यातला एक माणूस पाणी गेलेला फोन पुन्हापुन्हा चालू करून बघत होता. त्याला कुणाला फोन करायचा होता ते विचारायचं धाडस मला झालं नाही. बातमी पाठवली आणि पहाटे घरी येऊन बायकोला ते सांगितलं. सांगायला नको होतं.

आठ दिवस घरात कुणी विषय काढला नाही. मग आईनेच तिला काहीतरी सांगितलं असणार, कारण शनिवारी रात्री ती म्हणाली, "जॅकेट देतात ना आता सगळ्यांना? मी स्वतः बांधणार पोरांना." झालं. (जाणाऱ्यांसाठी, सोमवारी लेणी बंद असतात.)

आता प्रवास ऐका. नकाशावर पनवेल ते घारापुरी सरळ रेघ ओढली तर वीसेक किलोमीटर. आम्ही पहाटे सहाला घर सोडलं. रिक्षा, मग हार्बर लोकल, ४९ किलोमीटर, सव्वा तासाच्या वर. सीएसएमटीला उतरून गेटवेसाठी बस. तिथे तपासणीची रांग, तिकिटाची रांग, बोटीची रांग. मग उलट पूर्वेकडे, म्हणजे आपल्याच जिल्ह्याच्या दिशेने, तासभर बोट. बेटावर पाय ठेवला तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. आई गुडघा चोळत म्हणाली, "एवढ्या वेळात माझा बा घारापुरीला जाऊन परत आला असता."

बोटीत बायकोने दोन्ही मुलांच्या जॅकेटच्या पट्ट्या तीन-तीनदा तपासल्या. माझ्या जॅकेटची क्लिप तुटलेली होती, बोटीवरच्या पोराने सुतळीने बांधून दिली. ती सुतळी बघून बायको काही बोलली नाही. अर्ध्या वाटेत तिने विचारलं, "कुठे झालं होतं ते?" मी मुद्दाम उलट्या दिशेला हात केला. ती बराच वेळ तिकडेच बघत होती. मुलगा वरच्या डेकवर समुद्रपक्ष्यांचे व्हिडिओ काढत होता, मुलगी कानात इयरफोन घालून झोपली होती, आणि आई मात्र कठड्याशी उभी राहून लांबवर दिसणाऱ्या जेएनपीटीच्या क्रेनांतून आपलं गाव शोधत होती.

बेट कसं आहे ते बहुतेकांनी बघितलंय, कुणी शाळेच्या सहलीत, कुणी पाहुण्यांना दाखवायला. धक्क्यापासून खेळण्यातल्यासारखी गाडी, मग सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं, आणि तुमच्या हातातली थंड पेयाची बाटली कुणाच्याही आधी हेरणारी माकडं. म्हाताऱ्या माणसांना खुर्चीत बसवून वर नेणारे लोक आहेत. आईला विचारलं तर म्हणाली, "अजून खांद्यावर जायची वेळ नाय आली." पायरी-पायरी करत, चार ठिकाणी बसत ती वर आली. तेवढ्या वेळात आम्हीही बसलो. बोरं खाल्ली, काकडी खाल्ली. कुणी घड्याळ बघितलं नाही. मित्राचं "नुसते फिरलो" हेच असावं.

वर लेण्यात सदाशिवासमोर उभं राहिल्यावर आमचं बडबडं घरही गप्प झालं. जवळजवळ सहा मीटर उंचीचं शिल्प, दीड हजार वर्षांच्या आसपासचं. मी मुलांना पोर्तुगीजांचं सांगितलं, राजबंदराजवळचा दगडी हत्ती बघून त्यांनी एलिफंटा नाव कसं दिलं ते. तो हत्ती आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे म्हटल्यावर मुलगा म्हणाला, "म्हणजे हत्तीपण मुंबईलाच नेला?" मी हसलो, पण पुढचा तासभर ते वाक्य माझ्याबरोबर फिरत होतं.

आईने कुठल्याच शिल्पाकडे फार लक्ष दिलं नाही. ती शिवलिंगाच्या गाभाऱ्याशी गेली, उंबऱ्याला हात लावला आणि म्हणाली, "हेच. इथे आम्ही रांग लावायचो."

उतरताना एका दुकानाशी जेवायला थांबलो. बोंबील, भाकरी, सोलकढी. वाढणाऱ्या बाईंनी आईचं बोलणं ऐकलं आणि विचारलं, "कुठल्या गो तुम्ही?" न्हावा म्हटल्यावर पुढची वीस मिनिटं आमचं काही काम नव्हतं. दोघींनी ओळखीची माणसं काढली, निम्मी वारलेली निघाली. बाईंचं घर शेतबंदरला. तीन वाड्या बेटावर, शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर, आणि माणसं हजार-बाराशे. वीज आली फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून. त्याआधी संध्याकाळी तीनेक तास जनरेटर चालायचा. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी, आणि तेही जिथून रात्री मुंबईचा झगमगाट दिसतो तिथे. तेव्हा मीही ती बातमी केली होती, पनवेलच्या टेबलावर बसून, फोनवर. बेटावर न जाता.

बाई म्हणाल्या ते इथे तसंच लिहितो. "कचेरीला उरणला, दवाखान्याला उरणला, नातीगोती उरणला. गिऱ्हाईक तेवढं मुंबईकडून. रात्री कुणाचं दुखलं खुपलं तर होडी काढायची आणि पाणी बघायचं, भरती का ओहोटी." संध्याकाळी शेवटची बोट गेली की पर्यटकाला मुक्काम नाही. "मग?" मुलीने विचारलं. "मग बेट आमचं," बाई म्हणाल्या.

आता मूळ मुद्दा. पनवेल एकेकाळी बंदर होतं, हे आपण विसरलोय. मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस होडीने पनवेलला उतरायचा आणि इथून बोरघाटाची वाट धरायचा. नावात बंदर राहिलं, खाडी गाळाने भरली आणि आपण समुद्राकडे पाठ करून बसलो. आज आपल्याकडे अटल सेतू आहे. गाडीला एका बाजूचा टोल २५० रुपये, दुचाकीला बंदी, वरून घारापुरी दिसते पण थांबता येत नाही. विमानतळ आहे. आम्ही जेवत होतो तेव्हा डोक्यावरून विमान गेलं आणि मुलाने विचारलं, "यातून बार्बाडोसला जाता येईल?" म्हटलं, सध्या देशातल्या देशात. बेलापूरहून २०२२ साली वॉटर टॅक्सीचं उद्घाटन झालं, त्याची कौतुकाची बातमी मीच लिहिली होती. तिकीट किती आणि ते कुणाला परवडणार, हे त्या बातमीत कुठेच नव्हतं. ती माझी चूक. आज तिने घारापुरीला गेलेला एकही माणूस माझ्या ओळखीत नाही.

कुणी म्हणेल, गाळ आहे, ओहोटीला मोऱ्याची लाँच बंद पडते. (हा उरणचा मोरा, बेटावरचा नव्हे.) बंदराची सुरक्षा आहे, प्रवासी मिळणार नाहीत. हे सगळं खरं धरू. पण महाशिवरात्रीला आजही उरणच्या बाजूने घारापुरीला होड्या सुटतातच की! वर्षातून एक दिवस गाळ कुठे जातो? भरती-ओहोटीचं वेळापत्रक वर्षभर आधी छापून येतं. शनिवार-रविवार, भरतीच्या वेळेला, नीट जॅकेट असलेली पन्नास माणसांची एक लाँच, लोकांना परवडेल अशा तिकिटात. यापेक्षा जास्त काही मागत नाही. बेटावरच्या माणसालाही तीच लाँच दवाखान्याला उपयोगी पडेल. पर्यटन विकासाचे शेकडो कोटींचे आराखडे मी पंचवीस वर्षं ऐकतोय, त्यात ही लाँच मला कधी दिसली नाही. कुणाला दिसली असेल तर कागद पाठवा, मी चूक मान्य करून छापतो.

परतीच्या बोटीत बायकोने स्वतःचं जॅकेट सैल केलं आणि डोळे मिटून बसली. मग डोळे न उघडताच म्हणाली, "सकाळी तुम्ही उलटीकडे हात केला होतात ना? मी मॅप बघितला होता." मी गप्प. "बरं केलंत," म्हणाली.

पनवेलला उतरलो तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजून गेले होते. आईचे पाय सुजले होते. रिक्षात बसताना तिने विचारलं, "शिवरात्र कधी आहे रे?" १५ फेब्रुवारी, रविवार.

त्या दिवशी तिला न्हाव्यावरून न्यायचं ठरवलंय. होड्या कुठून आणि किती वाजता सुटणार, कुणाला पक्कं माहीत असेल तर खाली लिहा. आमची पाच माणसं आहेत, आणि जॅकेट आम्ही स्वतःची आणू.