बघण्यासारखं काही नसलेलं गाव

भुसावळला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, तो आधी हसतो. आमच्या नात्यातलाच एक सांगतो, मे महिन्यात ४५ अंशांत दुपारी 'गार' पाण्याचा नळ सोडला, तर चहा होईल असं पाणी! दुसऱ्याला यजमानांनी फिरायला नेलं ते थेट स्टेशनवर. नागपूरची गाडी इकडून फुटते, इटारसीची तिकडून, हेच प्रेक्षणीय स्थळ! तिसऱ्याला निघताना केळ्यांचा अख्खा घड दिला. तो डब्यात वाटत वाटत घरी आला.

गंमत म्हणजे, त्याच प्रवासात पाहिलेल्या अजिंठ्याबद्दल विचारलं, की हीच मंडळी "छान आहे" एवढंच म्हणून गप्प बसतात. लेण्यांनी काही त्यांना जेवायला थांबवून घेतलं नव्हतं ना!