आधी कान, मग जीभ



गेल्या नाताळात आमच्या हातून एक चूक घडली. गोडादऱ्यातील आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात पाच वर्षांचा एक मुलगा आहे. त्याचे बोलणे अस्पष्ट आहे. 'क'चा 'त' होतो, 'र'चा 'ल'. नाटिकेत आम्ही त्याला न बोलणारा मेंढपाळ केले. कार्यक्रम संपल्यावर त्याची आई म्हणाली, "सर, मला तर त्याचं सगळं समजतं."

पुढे ओळखीच्या एका स्पीच थेरपिस्ट ताईंनी आम्हांला पालकांसाठीची एक प्रश्नावली दाखवली. ती ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. आज ती अनेक भाषांत आहे, माल्टा बेटावरच्या माल्टी भाषेतही. प्रश्न फक्त सात. मुलाचे बोलणे तुम्हांला समजते का? घरच्यांना? इतर नातेवाइकांना? मित्रांना? ओळखीच्यांना? शिक्षकांना? परक्यांना? उत्तरे 'नेहमी'पासून 'कधीच नाही'पर्यंत पाच. मूल किती चुकते, हे त्यात विचारलेले नाही. ऐकणाऱ्याला किती समजते, एवढेच विचारले आहे.

त्याच्या आईने पहिल्या प्रश्नाला 'नेहमी' म्हटले. 'शिक्षकांना' या प्रश्नापाशी ती थांबली आणि आमच्याकडे पाहू लागली. आमची मान खाली गेली.

मग ध्यानात आले, की त्याचे काही शब्द चुकीचे नव्हतेच. आमची बरीच कुटुंबे खानदेशातून सुरतेला आलेली. घरी अहिराणी, चर्चमध्ये मराठी, रस्त्यावर गुजराती आणि हिंदी. तो 'माझा' म्हणायला 'मन्हा' म्हणे, आणि आम्ही तेही दोषात धरत होतो.

माल्टाचे नाव वाचून संत पौल आठवला. जहाज फुटल्यावर २७६ जण त्याच बेटावर किनाऱ्याला लागले. तेथील लोकांसाठी लूकने जो ग्रीक शब्द वापरला, त्याचा मूळ अर्थ 'ज्यांची बोली आपल्याला कळत नाही असे'. पण त्याच लोकांनी पाऊस आणि थंडी पाहून भिजलेल्या परक्यांसाठी शेकोटी पेटवली.

आणि मार्कच्या सातव्या अध्यायातला तो बहिरा, बोबडा माणूस! प्रभू येशूने त्याला गर्दीतून बाजूला नेले. आधी कानांत बोटे घातली, मग जिभेला स्पर्श केला. थेरपिस्ट ताईंनीही हेच सांगितले: आधी कान तपासून घ्या. चार वर्षांच्या मुलाचे बोलणे, काही अक्षरे चुकली तरी, परक्यांनाही बहुतेक समजायला हवे. तसे नसेल तर 'मोठा झाला की बोलेल' म्हणत थांबू नका. सात प्रश्नांनी निदान होत नाही, पण तज्ज्ञाकडे जायचे की नाही हे कळते. त्या मुलाचे कान ठीक निघाले. उपचार सुरू आहेत.

मागच्या रविवारी वर्गात सर्वांनी एकेक विनंती केली. त्याची पाळी आली. पहिल्यांदा आम्हांला कळले नाही. आम्ही गुडघे टेकून त्याच्या जवळ बसलो आणि म्हटले, "परत सांग, बाळा." तिसऱ्या वेळी कळले: "पप्पाचं मसीन बंद नतो पलू दे."

त्याचे वडील लूमवर रात्रपाळी करतात. सगळा वर्ग म्हणाला, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक."

प्रिय प्रभू, आमच्या लेकरांची जीभ मोकळी कर, आणि त्याआधी आमचे कान. आमेन.