नगर ते भंडारदरा : जुन्या गाडीची परीक्षा

आमचे दाजी तीस वर्षे एस.टी.त चालक होते. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांना गावोगाव पोचवले, त्याच्या स्वतःच्या दारात आधी सायकल आणि नंतर एक लुना, याखेरीज वाहन कधी आले नाही. निवृत्तीची रक्कम हाती पडली तेव्हा पहिल्यांदा घराचे पत्रे बदलले, धाकट्याची फी भरली आणि उरलेल्या पैशांत एक गाडी घ्यावी असे ठरले. नवी झेपणार नव्हती. तेव्हा वापरलेली घ्यायची, पण उंच घ्यायची. "खाली बसणारी गाडी आपल्या वस्तीच्या रस्त्याला पोट घासते," असे दाजींचे मत. तीस वर्षे ज्याने नगर जिल्ह्याचे रस्ते अंगावर घेतले, त्याच्याशी वाद कोण घालणार?

या उंच पण आखूड गाड्यांची बाजारात गर्दी उगाच झालेली नाही. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, छोट्या इंजिनाच्या गाड्यांवरचे उत्पादन शुल्क कमी झाले आणि कंपन्या आपल्या गाड्या त्या मापात बसवू लागल्या. फोर्डची इकोस्पोर्ट २०१३ मध्ये आली, मारुतीची विटारा ब्रेझा २०१६ मध्ये, टाटांची नेक्सॉन २०१७ मध्ये, ह्युंदाईची व्हेन्यू २०१९ मध्ये. श्रीमंतांनी सात-आठ वर्षे वापरून सोडलेल्या त्याच गाड्या आता आपल्यासारख्यांच्या आवाक्यात आल्या आहेत.

कोणती घ्यावी यावर घरात आठवडाभर खल झाला. दाजींचे गणित सरळ होते. कंपनी कोणती हे नंतर बघू, आधी तालुक्याच्या गावातला फिटर ती खोलू शकतो का ते बघू. फोर्डने भारतातले उत्पादन बंद करण्याचे सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर केले. सुटे भाग आणि दुरुस्तीची सोय चालू राहील असे कंपनीने सांगितले, पण दाजींना ते पटेना. इकोस्पोर्टच्या एक लिटर पेट्रोल इंजिनात तर टायमिंगचा पट्टा तेलातच फिरतो. तेल चुकीचे घातले किंवा वेळेवर बदलले नाही, तर पट्टा झिजून त्याचा चुरा तेलाच्या वाटेत अडकतो. आधीच्या मालकाने कोणते तेल घातले हे आपल्याला कोण सांगणार? ब्रेझाचे डिझेल इंजिन मूळचे फियाटचे, १.३ लिटरचे. स्विफ्टमध्ये तेच, इंडिका व्हिस्टामध्येही तेच, त्यामुळे अकोल्यापासून जामखेडपर्यंत कुठल्याही फिटरच्या हाताखालून ते गेलेले. त्याला पट्टा नाही, साखळी आहे. मात्र २०२० नंतर ब्रेझा डिझेलमध्ये मिळणे बंद झाले, म्हणजे जी आहे ती जुनीच.

पहिला एजंट भेटला तो दिल्लीची गाडी घेऊन. रंग असा की आरशासारखे तोंड दिसावे, आणि भाव इथल्यापेक्षा लाखाने कमी. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ मध्ये हरित न्यायाधिकरणाने बडगा उगारला, म्हणून तिकडचे लोक गाडी म्हातारी होण्याआधीच विकून टाकू लागले. यात लबाडी काही नाही. पण तिकडचा ना-हरकत दाखला आणायचा, इथला रोड टॅक्स भरायचा, नवे पासिंग करून घ्यायचे. हे सगळे बेरजेत धरले तेव्हा स्वस्ताई बरीचशी विरघळली. दाजींनी त्याला चहा पाजून वाटेला लावले.

दुसरी गाडी मनात भरली. कंपनीचे नाव इथे घेत नाही, कारण पुढे जे निघाले त्यात कंपनीचा दोष नव्हता. २०१८ चे मॉडेल, डिझेल, नंबर एम.एच. १०, म्हणजे सांगलीचे पासिंग. मीटर अठ्ठावन्न हजार दाखवत होता. एजंट म्हणाला, "एकहाती गाडी आहे काका, डॉक्टरची." डॉक्टरने विकलेली नाही अशी जुनी गाडी आम्ही अजून पाहिलेली नाही! सौदा साडेपाच लाखांवर आला आणि दाजींनी अकरा हजारांचा विसार दिला. अट एकच घातली : एक दिवस गाडी लांबच्या रस्त्याला चालवून बघणार. एजंटने आपला एक पोरगा बरोबर देऊन परवानगी दिली.

लष्कराच्या वाहनांची परीक्षा घेणारी व्ही.आर.डी.ई. ही संस्था आमच्या नगरातच आहे, रणगाड्यांचे संग्रहालयही १९९४ पासून आहे. आम्हाला तो मान कुठला! आमचे मैदान म्हणजे नगर ते भंडारदरा. भाची राजूरला असते, तिच्याकडे दुपारचे जेवण आणि पुढे धरण, असा बेत ठरला. दाजी, आक्का, पाच वर्षांचा नातू, एजंटचा पोरगा आणि आम्ही.

सकाळी साडेसहाला एजंटच्या जागेवर पोचलो तर गाडी पुसून तयार. दाजींनी नमस्कार-चमत्कार करण्याआधी बॉनेटवर तळहात ठेवला. कोमट होते. म्हणजे आम्ही येण्यापूर्वीच कुणीतरी इंजिन सुरू करून ठेवले होते. थंड इंजिन पहिल्या सेल्फला कसे उठते, धूर कोणता सोडते, यातच डिझेल गाडीची अर्धी तब्येत कळते. निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे, आणि पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबला नाही तर कूलंट आत जात असण्याची भीती. हे बघण्याची संधी आमच्याकडून आधीच काढून घेतली होती. दाजी काही बोलले नाहीत. टायरवर बोट ठेवून चार आकडे मात्र वाचले : ०९१८. म्हणजे २०१८ च्या नवव्या आठवड्यात बनलेले टायर. "पोरा, टायर अठराचेच आहेत. इतकी वर्षं झाली, गाडी अठ्ठावन्न हजारच फिरली म्हणतोस, ते पटतंय. पण मग एवढी वर्षं ही उभी कुठं होती?" पोरगा हसला. त्या हसण्यात उत्तर नव्हते.

कल्याण रस्त्याने निघालो. भाळवणी, टाकळी ढोकेश्वर, दोन्हीकडे पारनेरचे उघडे माळ, पावसाने पाठ फिरवलेला मुलूख. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला हा सर्वांत मोठा जिल्हा, चौदा तालुके, सतरा हजार चौरस किलोमीटर, आणि एका टोकाच्या माणसाला दुसऱ्या टोकाचे पीक ओळखता येऊ नये इतका फरक. २०२४ मध्ये नाव अहिल्यानगर झाले, तरी आमच्या तोंडात नगरच येते. सपाट रस्त्यावर गाडी झकास पळाली. दाजींनी मोकळ्या जागी क्षणभर स्टिअरिंग सैल सोडून पाहिले, गाडी कुठेही ओढली नाही. नातवाने टाळ्या वाजवल्या. आम्हीही मनातल्या मनात विकत घेऊन टाकली.

आळेफाट्यावरून नाशिक रस्त्याला वळलो. चंदनापुरीचा घाट संगमनेरकडे उतरतो. तिथे दाजींनी ब्रेकवर पाय न ठेवता गाडी खालच्या गिअरात उतरवली. ब्रेक चांगले होते. छोट्या डिझेल इंजिनाची एक खोड मात्र ओळखीची झाली : फेरे कमी असताना गाडी सुस्त, आणि टर्बो जागा झाला की एकदम झेप. ती बिघाड नव्हे, तो स्वभाव. पण पुढच्या ट्रॅक्टरला ओलांडताना हा स्वभाव ठाऊक नसेल तर जिवाशी गाठ.

अकोल्यात चहाला थांबलो. इंजिन निवू दिले आणि मग दाजींनी पाण्याची बाटली पाहिली. गरम असताना तिचे झाकण उघडू नये, वाफेने तोंड भाजते. पातळी खालच्या खुणेच्याही खाली गेली होती, आणि आत रंगीत कूलंट नव्हते, गंजाच्या रंगाचे साधे पाणी होते. पोरग्याने घाईघाईने पाण्याची बाटली विकत आणून ओतली. "सगळेच पाणी घालतात काका." सगळेच घालतात हे खरे. म्हणूनच रेडिएटर आतून सडतात आणि पाण्याचा पंप गळू लागतो.

राजूरच्या पुढे चढ-वळणांचा रस्ता लागतो. जेवण करून, जावयांना बरोबर घेऊन, पोरग्याला त्यांच्या घरी विश्रांतीला ठेवून निघालो. एका वळणावर दाजींनी तिसऱ्या गिअरात पाय दाबला. इंजिनाचा आवाज वाढला, काटा चढला, पण गाडीचा वेग तेवढाच राहिला. मागोमाग जळका वास. "क्लच घसरतोय," जावई म्हणाले. आक्काने नाकाला पदर लावला. क्लचचा संपूर्ण संच म्हणजे पंधरा-वीस हजार कुठे गेले नाहीत. तरीही दाजी म्हणाले, "एवढं तर धरूनच चालायचं. भावात कापू." जुनी गाडी घेताना झिजणाऱ्या वस्तू झिजलेल्या असणारच. क्लच, टायर, बॅटरी, चाकाजवळचे रबरी बुश यांचा हिशेब मांडता येतो. भीती असते ती हिशेबात न बसणाऱ्या दुखण्याची.

धरणावर पोचलो तेव्हा ऊन कलले होते. प्रवरा नदीवरचे हे विल्सन धरण १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पुरे झाले. पलीकडे कळसूबाई, १,६४६ मीटर, राज्यातले सर्वांत उंच शिखर. इथल्या डोंगरात पाऊस कोसळतो, इथल्या लोकांच्या जमिनी पाण्याखाली जातात, आणि कालव्याने ते पाणी जाते खाली उसाला. लोणीचा सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये सुरू झाला तो या पाण्याच्या बळावर. आम्ही भिंतीकडे बघत बराच वेळ उभे राहिलो. दाजी मात्र गाडीकडे बघत होते.

परत निघताना नातू पेंगला. आक्काने त्याला खिडकीशी बसवून पट्टा लावायला घेतला. तो अडकला म्हणून तिने पूर्ण बाहेर ओढला. "अहो, हे बघा काय." पट्ट्याचा शेवटचा हातभर भाग, जो एरवी गुंडाळीतच राहतो, तांबूस तपकिरी झालेला होता, आणि त्यावर चिखलाची सुकलेली रेघ होती. पट्ट्याचा वरचा भाग धुऊन स्वच्छ. दाजी खाली उतरले. सीटखालचे स्क्रू गंजलेले. डिकीतली चटई उचलली, स्टेपनी काढली, तर खोबणीच्या कोपऱ्यात बारीक गाळ.

एम.एच. १०. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या महापुराने सांगली बुडाली होती. ही गाडी त्या पाण्यात होती असे आम्ही छातीठोक सांगू शकत नाही. कुठल्या तरी पाण्यात होती एवढे मात्र नक्की. पाण्यात बुडालेल्या गाडीचे इंजिन दुरुस्त होते, पण तारांच्या जोडांत शिरलेला गंज वर्षानुवर्षे काम करत राहतो. आज दिवा, उद्या सेन्सर, परवा भर रस्त्यात सगळेच बंद. त्याला कुठलाही फिटर अंदाजपत्रक देऊ शकत नाही. "मीटर कमी का, ते कळलं," दाजी एवढेच म्हणाले.

जावयांना राजूरला सोडले, पोरग्याला घेतले आणि संगमनेरहून लोणी-कोल्हारमार्गे परतलो. गळिताचा हंगाम, दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, मागे दिवे नाहीत. राहुरीच्या पुढे खड्ड्यांत पुढच्या चाकातून कट्-कट् आवाज येऊ लागला. कुणी त्यावर बोललेही नाही.

एजंटने आधी कानावर हात ठेवले, मग आवाज चढवला. विसारातले पाच हजार "दिवसभर फिरवली" म्हणून कापून घेतले, सहा परत दिले. तिसऱ्या इयत्तेपासून डब्याच्या घरातले पैसे मोजत वाढलेल्या माणसाला पाच हजार काय असतात ते आम्ही जाणतो. दाजी त्या रात्री जेवले नाहीत.

महिन्याभराने श्रीरामपूरला एक गाडी कळली. निवृत्त शिक्षकाची, पेट्रोल, एम.एच. १७. दर वर्षीच्या सर्व्हिसिंगची बिले पिशवीत लावून ठेवलेली, आणि त्या बिलांवरचे किलोमीटर मीटरशी जुळणारे. दाजींनी सांगून ठेवले होते की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. ते बॉनेटकडे गेले. आक्का सरळ मागच्या दारातून आत शिरली आणि दोन्ही बाजूंचे पट्टे एकेक करून शेवटपर्यंत ओढू लागली. गुरुजींना काही कळेना.

पट्टे शेवटपर्यंत कोरे होते. क्लच थोडा उंचावर पकडतो, बॅटरी बदलावी लागेल, तेवढे भावात कापून घेतले. गाडीवर बँकेचा बोजा होता. तो उतरल्याचा कागद, नमुना ३५, आधी हाती घेतला आणि मगच उरलेले पैसे मोजले. नमुना २९ आणि ३० वर सह्या झाल्या. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते, विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यायचा असतो. सही झाली म्हणजे गाडी आपली झाली असे समजून पुष्कळजण घरी बसतात, आणि अपघात झाला की कोर्टाच्या पायऱ्या चढतात. दाजींनी पुढच्याच सोमवारी अर्ज दिला. आर.सी. अजून यायची आहे. तोवर गाडी दारात उभी असते आणि दाजी रोज सकाळी, थंड असतानाच, ती एकदा सुरू करून धूर बघतात.