डाळिंबातली अळी आणि मलमलच्या पिशव्या



डाळिंब फोडावं आणि आत काळपट दाण्यांत अळी वळवळताना दिसावी, हे आपल्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिलं असेल. फळ वाया गेल्याचं दुःख थोडंच असतं. सुरीखाली जीव आला असता, याचाच धसका बसतो.

ही अळी एका लहानशा फुलपाखराची. इंग्रजीत त्याला 'कॉमन ग्वावा ब्लू' म्हणतात, कारण ते पेरूवरही येतं. पंख पसरले तर 4-5 सेंटीमीटर. नर वरून जांभळट निळा, मादी तपकिरी, तिच्या पुढच्या पंखावर नारिंगी डाग. पंख मिटून बसलं की फक्त राखाडी-तपकिरी रंग दिसतो. मग ओळखायचं मागच्या पंखावरून. तिथे केसासारखी बारीक शेपटी असते आणि जवळच काळा ठिपका. शेपट्या हलल्या की तेच डोकं वाटतं. पक्षी तिथे चोच मारतो आणि पंखाचा तुकडा देऊन फुलपाखरू निसटतं.

मादी फुलावर किंवा कोवळ्या फळावर एकेक अंडं घालते. 7 ते 10 दिवसांत अळी निघते, फळ पोखरून आत शिरते आणि दाणे खाते.

सूनबाई म्हणाली, "आई, औषध फवारून घेऊया का?" मी पडले कॉमर्सवाली, हिशेब मांडला. अळी एकदा आत शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोचणं कठीण. फुलांवरच्या मधमाश्या मात्र नाहक मरणार. दोन्हीकडून तोटाच.

म्हणून जुन्या मलमलच्या साडीच्या पिशव्या शिवल्या. फळ लिंबाएवढं झालं की त्याला भोक नाही ना, ते पाहायचं, पिशवी चढवायची आणि देठाशी नाडी सैलसर बांधायची. अंडं घालायला जागाच नाही, तर मारायचा प्रश्नच येत नाही. यंदा 22 फळं झाकली, 19 चांगली निघाली. शेंड्याला हात पोचत नाही, ती फळं त्या फुलपाखराची.

बागाईतदाराचं गणित वेगळं, त्याचं पोट त्यावर आहे. पण परसातल्या एका झाडापुरती एवढी जयणा आपल्याला जमते. आणि बाजारातून आणलेलं डाळिंब चिरण्याआधी चहूबाजूंनी फिरवून बघा. बारीक भोक दिसलं तर सुरी बाजूला ठेवा, हातानेच हलके उघडा.