कोलंबोहून येणारा आवाज

बुधवारी रात्री आठ वाजता आमच्या वाड्यात रेडिओभोवती कोंडाळं जमायचं. ‘बिनाका गीतमाला’! आकाशवाणीनं सिनेसंगीताला दार बंद केलं होतं (तेही नभोवाणीमंत्री असलेल्या आपल्या बाळकृष्ण केसकरांच्या कारकिर्दीत), त्यामुळे निवेदक अमीन सयानी रेडिओ सिलोनवरून भेटत. सिलोन, म्हणजे आजची श्रीलंका, आम्हा पोरांना गाण्यांचा देश वाटायचा.

त्या देशात १९५६ सालीच सिंहली ही एकमेव राजभाषा झाली होती. कोलंबोहून आमच्यासाठी हिंदी गाणी खुशाल वाजत होती आणि उत्तरेतल्या जाफनाच्या तमिळ माणसाला सरकारदरबारी आपली भाषा चालावी म्हणून सत्याग्रह करावा लागत होता. मळ्यांतल्या लाखो तमिळ मजुरांना तर १९४८च्या कायद्यानं नागरिकत्वच नाकारलं होतं. पंतप्रधान बंडारनायके आणि तमिळ नेते चेल्वनायकम यांनी १९५७ साली प्रादेशिक परिषदांचा करार केला, पण बौद्ध भिक्षू विरोध करत दारात येऊन बसले आणि पंतप्रधानांनी तो वर्षभरात मोडला. माझ्या मते सगळं बिनसलं ते तिथं. वेगळ्या तमिळ राष्ट्राचा ठराव त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९७६ साली झाला.

नोकरी लागल्यावर ट्रान्झिस्टर घेतला, तोवर तिकडची गाणी मागे पडली होती. यायच्या त्या बातम्या. १९८१ साली जाफनाचं ग्रंथालय जाळलं, सुमारे ९७ हजार ग्रंथ गेले. मग १९८३च्या जुलैतल्या तमिळविरोधी दंगली. १९८७ साली भारत-श्रीलंका करार झाला आणि आपली शांतिसेना तिथं उतरली. मेजर रामस्वामी परमेश्वरन मुंबईत जन्मलेले, तिथंच शिकलेले, महार रेजिमेंटचे. हा तमिळ अधिकारी त्याच नोव्हेंबरात तमिळ वाघांशी (एलटीटीईशी) लढताना पडला. मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. तमिळांच्या हक्कांसाठी झालेल्या कराराची ही किंमत कोणत्या हिशेबात धरायची?

वाघांबद्दल मला कधीच ममत्व वाटलं नाही. त्यांनी अमृतलिंगमांसारखे तमिळ नेते मारले, उत्तरेतल्या मुसलमानांना १९९० साली घरादारातून हुसकावलं. पण म्हणून लोकांचा हक्क खोटा ठरत नाही. २००९च्या मे महिन्यात मुल्लिवायक्कलच्या किनारपट्टीवर वाघांबरोबर हजारो सामान्य माणसं मेली. हरवलेल्यांच्या आया फोटो घेऊन पुढेही वर्षानुवर्षं रस्त्यावर बसल्या.

१९८७च्या करारातून आलेली, प्रांतिक परिषदांची तेरावी घटनादुरुस्ती श्रीलंकेच्या कायद्यात आहे. तिच्यातले पोलीस आणि जमिनीचे अधिकार प्रांतांच्या हाती पूर्णपणे कधीच आले नाहीत. उत्तर प्रांताच्या परिषदेची पहिली निवडणूक व्हायला २०१३ साल उजाडलं. ती परिषद २०१८ साली मुदत संपून बरखास्त झाली आणि पुढं कित्येक वर्षं कारभार राज्यपालाच्याच हाती राहिला.